गादीखालची ओळ

थोरल्या काकांनी बैठक शनिवारी दुपारी तीनला ठेवली आणि ती सगळ्यांना कळवली, फक्त जिच्या दुकानात ठेवली तिला सोडून. टाचणीला ती बातमी काकूंकडून लागली, तीही आडवाटेनं.

"तुझ्याकडे पाच-सहा धड खुर्च्या असतील ना गं?" काकूंनी फोनवर विचारलं.

"काकू, धड खुर्ची आमच्याकडे कशाला येईल? धड असती तर आपल्या घरी नसती का राहिली?"

"मग माणसं बसणार कशावर?"

"कोण माणसं?"

काकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे. दोन मिनिटांत टाचणीला सगळं कळलं. काका येणार, काकू येणार, त्यांचा मुलगा नकाशा येणार आणि चर्चचे पाळकसाहेबही येणार. देवळातली मोठी खुर्ची सगळ्यांसमोर उघडायची, आबांनी आत लिहिलेली ओळ वाचायची, आणि मग दुकानाचा काय तो निकाल लावायचा. फोन ठेवताना काकू म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून बोलू नको हं," आणि टाचणी म्हणाली, "छे, मला तर माहीतच नाही."

निकाल लावायचा होता तो असा. आबांनी, म्हणजे टाचणीच्या आजोबांनी, गादीकामाचं हे दुकान काढलं, आणि जाताना त्याचे तीन सारखे वाटे केले: एक थोरल्या मुलीला, एक थोरल्या मुलाला, एक धाकट्या मुलाला. थोरली मुलगी म्हणजे आत्या, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, लग्न न केलेली आणि कुणाच्या बापाला न घाबरणारी. थोरला मुलगा म्हणजे काका, निवृत्त हेडमास्तर, चर्चच्या मंडळीच्या पंचांपैकी एक, सदा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. धाकटा मुलगा म्हणजे टाचणीचे वडील. ते गेल्यावर त्यांचा वाटा आणि हातोडी दोन्ही तिच्याकडे आली. तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय तिला लहानपणापासून होती, म्हणून आबांनीच तिला हे नाव ठेवलं. पुढे जीभही त्याच जातीची निघाली आणि नाव कायमचं चिकटलं.

काकांना दुकान बंद करून तिथे सुवार्ता केंद्र काढायचं होतं. पुढे हॉल, मागे वाचनालय, भिंतीवर जगाचा नकाशा. हा नकाशा काकांच्या मुलाची कल्पना. तो मिशनच्या कचेरीत होता, स्वतः कधी कुठे गेला नव्हता, पण कोण कुठे सेवेला गेलं त्याच्या रंगीत टिकल्या नकाशावर लावत असे, आणि त्यामुळे घरात त्याचं खरं नाव आता फक्त त्याच्या आईला आठवत होतं. काकांचा वाटा केंद्राच्या बाजूनं, टाचणीचा दुकानाच्या बाजूनं. राहिली आत्या. आत्यानं दोघांनाही झुलवत ठेवलं होतं, आणि परवा एकदाची अट घातली: देवळातली खुर्ची नाहीतरी दुरुस्तीला येतेच आहे, आबांनी तिच्यात काय लिहिलंय ते वाचू, मग मी माझं मत सांगते.

ही ओळ म्हणजे घराण्याची जुनी रीत. गादीकामात खाली पट्टे, त्यावर दोऱ्यांनी आवळून बांधलेल्या स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, मग कापूस आणि सगळ्यात वर कापड. आबा गोणपाट ताणून झालं की कानावरची जाड पेन्सिल काढायचे आणि त्या खुर्चीत बसणाऱ्यासाठी एका-दोन ओळींची प्रार्थना लिहायचे. मग वर काथ्या, कापूस, कापड, आणि ती ओळ वीस-पंचवीस वर्षांसाठी आत. गिऱ्हाइकाला पत्ताही नसे. "लोकांना दाखवली की जाहिरात होते," आबा म्हणायचे. टाचणीही लिहायची. न्हाव्याच्या खुर्चीत तिनं लिहिलं होतं, 'इथे बसणाऱ्याच्या डोक्यातलं ओझंही थोडं उतरू दे.' कचेरीतल्या एका कारकुनाच्या खुर्चीत लिहिलं होतं, 'प्रभू, याला अधूनमधून उठव. रांग फार मोठी आहे.'

काका मात्र म्हणत, "आबांनी खिळे ठोकले ते पोटासाठी. त्यांची खरी सेवा त्या ओळींमध्ये होती. ओळी आपण जतन करू, खिळे सोडून देऊ." देवळातल्या खुर्चीतलं गोणपाट काढून, काचेच्या चौकटीत घालून ते केंद्राच्या दर्शनी भिंतीवर लावायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. चौकटीचं माप घ्यायला सुतार दोनदा येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा टाचणीनं त्याला हात हलवत परत पाठवलं होतं.

खुर्ची शुक्रवारी दुपारी टेम्पोनं आली. अवजड, उंच पाठीची, आणि बावन्न वर्षांतल्या सगळ्या पाळकांच्या भारानं बसकी झालेली. टाचणीनं ती कामाच्या चौथऱ्यावर चढवली आणि तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. खिडकीशी आत्या बसली होती. ती रोज दुपारी येऊन जुन्या कापडाच्या शिवणी उसवून देई. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नको म्हणायचीही सोय नव्हती.

"बघतेस काय नुसती," आत्या ब्लेडवरची नजर न काढता म्हणाली. "उघड."

"उद्या सगळ्यांसमोर उघडायची आहे."

"हो का. आणि आतलं गोणपाट कुजलेलं निघालं तर सगळ्यांसमोर काय दाखवशील, भुसा?"

कामाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, आणि टाचणीला तेवढं निमित्त पुरे होतं. तिनं पुढच्या कडेचे खिळे काढले, कापड वर केलं, पिवळा पडलेला कापूस बाजूला सारला, काथ्याचा थर अलगद उचलला. गोणपाट शाबूत होतं. आबांचं अक्षरही शाबूत होतं, मोठं, ठसठशीत. तिनं वाचलं, आणि तोंडातल्या टाचण्या गिळता गिळता राहिली.

आबांनी लिहिलं होतं: 'प्रभू, तुझा सेवक माणूस चांगला आहे, पण दीड दीड तास बोलतो. लेकरं पेंगतात, म्हाताऱ्यांची कंबर मोडते. मागच्या उजव्या स्प्रिंगची दोरी मी मुद्दाम ढिली ठेवली आहे. अर्ध्या तासानं बोचेल. चुकलं असेल तर मला सांग, त्याला सांगू नको.'

टाचणीनं टाचण्या हातावर काढून ठेवल्या. "आत्या."

"काय लिहिलंय?"

"तुला माहीत आहे."

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? दुसरी दोरी मीच धरली होती." आत्यानं शिवण उसवणं चालू ठेवलं. "त्या वेळच्या पाळकांचे गुडघे धरलेले असायचे, म्हणून बसूनच प्रवचन करायचे बिचारे. बसलेला माणूस थांबणार कधी? आबांनी सहा महिने प्रार्थना केली, मग दोरी ढिली केली."

आता टाचणीला हसू आवरेना, कारण याच खुर्चीची कथा काका दर वर्षी मंडळीत साक्ष म्हणून सांगत. नवी खुर्ची आली, त्या महिन्यापासून पाळकांवर आत्म्याचं सामर्थ्य उतरलं, प्रवचनं मोजकी आणि धारदार झाली, मंडळी वर्षात दुप्पट भरली. सांगताना काकांच्या डोळ्यांत खरोखर पाणी येई. सामर्थ्य वरून उतरलं नव्हतं, खालून आलं होतं.

हसून झाल्यावर मात्र तिनं पुढचा हिशेब मांडला. उद्या हे उघडलं की केंद्राचं बारसं व्हायच्या आधीच तेरावं होणार. आबांच्या ज्या ओळीवर हॉल उभा करायचा, ती ही ओळ. दुकान वाचणार, तिला बोटही उचलावं लागणार नाही. आणि काका पाळकांसमोर, बायकोमुलासमोर तोंडघशी पडणार. काका वाटलं तर डोक्यावर मिरे वाटतील, पण ते वाईट नव्हते. तिच्या वडिलांच्या शेवटच्या आजारात रोज सकाळी दवाखान्यात येऊन बसणारे तेच होते.

"तू अट घातलीस ती हे माहीत असून?" तिनं विचारलं.

"म्हटलं, एकदा त्यालाही कळू दे, त्याचा बाप कसा होता. त्यानं आबांना पार भिंतीवर लावायला काढलंय."

"नवं गोणपाट लावून मीच काहीतरी साजरं लिहिलं तर?"

"लिही की. अक्षर तुझं आबांसारखंच आहे." आत्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "पेन्सिल ती बघ, तिथे पडलीय."

टाचणीनं पेन्सिल उचललीही. उभी राहिली, विचार केला, आणि परत ठेवली. दुकान जाईल ते जाईल, राहील ते राहील, पण आबांच्या खुर्चीत खोटं लिहायला तिचा हात धजेना. तिनं काथ्या, कापूस, कापड होतं तसं बसवलं, खिळे हलकेच ठोकले आणि त्या रात्री बराच वेळ स्वतःवरच वैतागत राहिली.

शनिवारी तीनला सगळे आले. काकू खचलेल्या आरामखुर्चीत बसल्या आणि तिथून त्यांना उठता येईना. नकाशा भिंतीचं माप घेत फिरू लागला. पाळकसाहेब तरुण होते, दीड वर्षापूर्वी आलेले, हसतमुख, मोठी खुर्ची बसकी म्हणून स्वतःच्या खुर्चीत बसून प्रवचन करणारे, आणि मंडळीत त्यांचं सगळं चांगलं बोललं जाई, फक्त प्रवचनाबद्दल कुणी काही बोलत नसे. काकांनी छोटी प्रार्थना केली, म्हणजे त्यांच्या मानानं छोटी, आणि हात पुढे केला.

"हातोडी."

"काका, मी उघडते. कपडे खराब होतील तुमचे," टाचणी म्हणाली.

"माझ्या वडिलांचं अक्षर मी उघडणार."

तिनं मुकाट्यानं हातोडी दिली. काकांनी दोन खिळ्यांना अर्धा तास घेतला असता, पण ते आदल्या दिवशीच काढून लावलेले असल्यामुळे पटापट निघाले. "बघा," काका पाळकांना म्हणाले, "जणू वाटच बघत होते." आत्याला खोकला आला.

कापड वर झालं. कापूस बाजूला झाला. काकांनी काथ्या उचलला आणि चष्मा सारखा करून वाकले. टाचणी त्यांच्याकडे बघत होती. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून हलले. कान लाल झाले. काकूंनी पुढे झुकायला बघितलं, तशी त्यांची खुर्ची कुरकुरली.

"काय लिहिलंय हो?" काकूंनी विचारलं.

काका ताठ उभे राहिले. चौतीस वर्षांत शाळेत किंवा मंडळीत त्यांनी एक शब्द खोटा उच्चारला नसावा, त्यामुळे सराव नव्हता, आणि ते जरा जास्तच मोठ्यानं बोलले. "लिहिलंय की, हे प्रभो, या आसनावरून तुझं वचन अखंड वाहत राहो."

"अखंड?" आत्या म्हणाली. "आबा असं म्हणाले?"

"अखंड," काका म्हणाले.

"आहा," पाळकसाहेब उठत म्हणाले. "बघू दे मला. एक फोटोही घेतो."

आणि काका त्या उघड्या खुर्चीत, थेट गोणपाटावर, बसले.

"जरा पाय दुखतात," ते म्हणाले. "फोटो नंतर घेऊ. आधी निर्णय. ताई, तू म्हणालीस, ओळ वाचू, मग मत सांगते. वाचली. सांग."

टाचणीनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं मांडीवरचं कापड नीट घडी घालून ठेवलं, अगदी सावकाश.

"सांगते ना. पण आधी मला तुझं केंद्र नीट समजू दे. म्हातारी माणूस मी. हॉल केवढा?"

"साठ माणसांचा. पुढची भिंत पाडून," काकांनी सुरुवात केली आणि चांगली पाच-सात वाक्यं सांगितली: व्यासपीठ, पंखे, दर बुधवारी अभ्यासवर्ग, दर महिन्याला बाहेरचा वक्ता.

"आणि खिडक्या?"

"चार. पूर्वेला दोन..." काका किंचित डावीकडे सरकले. "पश्चिमेला दोन."

"पडदे लावणार का?"

"लावू."

"कुठल्या रंगाचे रे?"

"निळे." काकांच्या कपाळावर घाम आला होता.

"आणि वाचनालयात पुस्तकं कोणकोणती?"

"बरीच."

"म्हणजे?"

"ताई, बरीच," काका म्हणाले आणि उजवा पाय उचलून डाव्यावर टाकला.

पाळकसाहेब बघत होते. टाचणीला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि त्यांना काहीतरी उमगू लागलंय हेही दिसत होतं. नकाशाला काहीच दिसत नव्हतं. तो फीत भिंतीला लावून म्हणाला, "पप्पा, चौकट इथे मध्यभागी घेऊया. ओळ जरा पुन्हा सांगा ना, अक्षरं मोजायची आहेत."

"अखंड," काका म्हणाले, "वाहत," आणि तिथे ती बावन्न वर्षांची स्प्रिंग उरलीसुरली दोरी तोडून वर आली. काका दोन हात हवेत उडाले.

पाळकसाहेबांनी त्यांना सावरलं, आणि सावरता सावरता वाकून वाचलं. सगळं वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. मग नाक चोळत म्हणाले, "सर, तुम्ही वाचलंत ते इथे मला सापडत नाही."

काका पांढऱ्या कपड्यांत, हातात हातोडी घेऊन, पकडलेल्या विद्यार्थ्यासारखे उभे राहिले. ज्या क्षणाची टाचणीला कालपासून भीतीही होती आणि, खोटं कशाला बोला, ओढही होती, तो आला होता, आणि तिला तो बघवेना.

"पाळकसाहेब, काका आबांना झाकायला बोलले," ती म्हणाली. "स्वतःसाठी नाही. आणि मला कालच माहीत होतं. मी आधीच उघडून बघितलं होतं. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, कारण यात माझा फायदा होता. तेव्हा आज चूक मोजायचीच असेल तर माझी जास्त भरेल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं आता रागावतील.

"तुला माहीत होतं, आणि तू मला त्याच्यावर बसू दिलंस," काका म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठे? एकदम बसलातच."

पहिल्यांदा हसल्या त्या काकू. मग त्यांना आवरेना, आणि आरामखुर्चीत अडकल्यामुळे उठून बाहेरही जाता येईना. नकाशानं वाचलं आणि फीत गुंडाळायला विसरला. पाळकसाहेब हसत नव्हते. ते विचारात पडले होते.

"मी किती वेळ बोलतो?" त्यांनी विचारलं.

काकू एकदम गप्प झाल्या. नकाशा छत बघू लागला.

"आम्ही घड्याळाकडे नाही बघत, पाळकसाहेब," काकू म्हणाल्या.

"मी बघते," आत्या म्हणाली. "बावन्न मिनिटं. सणावारी सत्तर."

पाळकसाहेबांनी मान हलवली. "कुणी सांगितलं नाही मला."

"आबा असते तर त्यांनीही सांगितलं नसतं," आत्या म्हणाली. "तुमची खुर्ची मागून घेतली असती."

आता सगळेच हसले, काका सोडून. ते चौथऱ्याच्या कडेला टेकले होते, हातोडी मांडीवर. त्यांना काहीतरी सुचलं होतं, आणि ते चांगलं नसावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"माझी खुर्चीही आबांनीच केली होती," ते म्हणाले.

ती खुर्ची सगळ्यांना माहीत होती. काका हेडमास्तर झाले तेव्हा आबांनी दिलेली. अठरा वर्षं शाळेत, मग निवृत्तीनंतर सोळा वर्षं घरी, खिडकीजवळ. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे.

"ती कधी उघडली नाही ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"कधी गरजच नाही पडली," काकू म्हणाल्या. "चौतीस वर्षांत तसूभर बसली नाही. यांची कंबर सगळीकडे दुखते, फक्त त्या खुर्चीत नाही."

"राहू दे मग," टाचणी म्हणाली. "शाबूत खुर्ची कुणी उघडत नाही, काका. धंद्याचा नियम आहे."

"घेऊन ये," काका नकाशाला म्हणाले.

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. नकाशा हातगाडी घेऊन खुर्ची आणायला गेला. आत्यानं तेवढ्यात काकूंना आरामखुर्चीतून ओढून काढलं. टाचणीनं हात धुतले, ते तसेही स्वच्छ होते. तिला आता आबांची भीती वाटत होती. पाळकांची चेष्टा त्यांनी केली ती प्रेमानंच, पण मुलाबद्दल, तेही या मुलाबद्दल, बंद गोणपाटावर, कुणी वाचणार नाही अशा भरवशानं काय लिहिलं असेल, कुणी सांगावं.

खुर्ची आली. कडेचे खिळे तिनं एकेक करून काढले. वरचं कापड निघालं, आणि खाली कापूस निघाला, निघतच राहिला, इतका की तिनं हात थांबवून आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान हलवली. हे तिलाही माहीत नव्हतं.

"तू वाच," काका म्हणाले. "मोठ्यानं नको."

तिनं वाचलं. पेन्सिल तीच, अक्षर तेच, फक्त जरा कापरं. वाचून झाल्यावर तिला वाटलं, सांगावं की पुसट झालंय, लागत नाही. काकांनीही तासाभरापूर्वी आबांसाठी तेच केलं होतं, आणि तिला आता ते कसं केलं असेल ते समजत होतं. पण काका तिच्या तोंडाकडे बघत होते.

"तुम्हीच वाचा, काका," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

काका वाकले. या वेळी त्यांनी गोणपाटावर होतं तेच वाचलं, आणि मोठ्यानं वाचलं.

"'मुलगा हेडमास्तर झाला. निरोप आला आहे की खुर्ची न्यायला तो स्वतः येणार नाही, शिपाई पाठवेल. दुकानात यायची त्याला लाज वाटते. प्रभू, तू त्याला काही बोलू नको. मीही बोलणार नाही. त्याची कंबर लहानपणापासून नाजूक आहे. कापूस दुप्पट घातला आहे.'"

काकूंनी पदर तोंडाला लावला. नकाशानं बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"त्या दिवशी शाळेत तपासणी होती," काका म्हणाले. काकांनी गोणपाटावर बोट ठेवलं, शेवटच्या शब्दावर, आणि काढलं. "नव्हती. तपासणी पुढच्या आठवड्यात होती."

आत्या उठली, भावाजवळ गेली आणि नुसती उभी राहिली.

टाचणीनं कापूस परत रचायला घेतला. एक चिमूटही तिनं बाजूला राहू दिली नाही. कापड ताणलं, खिळे ठोकले. काका शेजारी उभे राहून एकेक खिळा तिच्या हातात देत होते, आणि हेडमास्तर असले तरी योग्य बाजूनं देत होते.

"पप्पा," नकाशानं शेवटी विचारलं, "मग केंद्राचं?"

"कसलं केंद्र," काका म्हणाले. "दुकान चालू आहे ना? मग चालू दे."

"आत्यांचं मत अजून..."

"मला कोण विचारतंय आता," आत्या म्हणाली. "दोन वाटे झाले की तिचे."

काकांनी खुर्ची उचलून खाली ठेवली. नकाशानं हातगाडी पुढे केली. पाळकसाहेब म्हणाले, "सर, द्या इकडे, मी धरतो एक बाजू."

"नको," काका म्हणाले. "मी नेतो."

"अहो, कंबर," काकू म्हणाल्या.

"मीच नेतो."

त्यांनी खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली. पांढऱ्या सदऱ्यावर काथ्याची धूळ पडली, कापसाचे बोळे खांद्याला चिकटले. ते दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि भर बाजाराच्या रस्त्यानं निघाले. टाचणी मागोमाग निघाली, न जाणो, तोल गेला तर. रस्त्यावर निम्म्या दुकानांत त्यांचे विद्यार्थी होते. सगळे उठून उभे राहिले, कारण हेडमास्तरांना असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. औषधाच्या दुकानातला धावत पायरी उतरला.

"सर, तुम्ही कशाला? कुठून आणलीत खुर्ची?"

काका भर रस्त्यात थांबले. मागून येणारी एक सायकलही थांबली.

"आणली नाही," काका म्हणाले. "आमच्या दुकानात केलेली आहे. माझ्या वडिलांनी." आणि पुढच्या दुकानदारानं काही विचारलं नव्हतं, तरी थांबून त्यालाही सांगितलं.